वरची दोरी, खालची दोरी

बोटीतून उतरलो तेव्हा बेट डोळ्यांना ओळखीचं वाटलं नाही, नाकाला वाटलं. धक्क्यावर पाय ठेवला आणि एक तुरट, ओला, सालीचा वास आला. मी तिथेच थांबलो. मागून उतरणारी माणसं माझ्या पाठीवर आपटली.

"आबा, चला ना," माझी नात सोनल म्हणाली. "पाय दुखतो का?"

"पाय कशाला दुखेल? गप उभी राहा. बाभळीची साल उकळताहेत कुठेतरी."

"इथे बाभूळ नाही, आबा. हा भूमध्य समुद्र आहे."

"असू दे. नाक माझं आहे ना?"

मी तापीचा भोई. तिसरीपर्यंत शिकलो, पुढे नदीने शिकवलं. आमचं गाव चोपड्याकडून अमळनेरला जाताना नदीच्या उंच दरडीवर आहे. पोरगा जळगावला नोकरीला, सून माझ्यापाशी गावात. त्याची ही सोनल, माशांचंच शिकली, आणि शिकत शिकत इटलीच्या खाली ह्या एवढ्याशा बेटावर जाऊन बसली. भोयाच्या घरातली पोर मासे मोजायला परदेशी जाते याचं मला हसूही येतं आणि छातीही फुगते. तीच मला चैत्रात घेऊन गेली. म्हणाली, आबा, समुद्र दाखवते. मी म्हणालो, पाणीच ना? पाहिलंय मी. तरी गेलो.

समुद्र पाहिला. मोठा आहे, नाही म्हणत नाही. निळा तर असा की आमच्या गावातल्या कुठल्याच पोळ्याच्या बैलाच्या शिंगाला तो रंग लागला नसेल. पण तो कुठे जात नाही. नदी कशी, सकाळी बघितलेलं पाणी संध्याकाळपर्यंत सुरतेच्या वाटेला लागलेलं असतं. हे पाणी उभंच. मी सोनलला तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला आबा काय करणार, तो समुद्र आहे." मी म्हणालो, "सांगून ठेवतो फक्त."

टेकडीवर जुना किल्ला, त्याच्या पायाशी पिवळ्या, गुलाबी, विटकरी घरांची चढती रांग. घरांसमोर नावा ओढून ठेवलेल्या. नावांच्या तोंडाशी डोळे काढलेले, अगदी काजळ घातल्यासारखे. ते बघून मला बरं वाटलं. नाव आंधळी नसावी असं इथल्याही लोकांना वाटतं तर. आमच्या नावेला माय दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हळदी-कुंकवाची पाच बोटं लावायची आणि तिच्याशी बोलायची. "पोरास्ले सांभाळजो बाई," असं म्हणायची. नाव ऐकत असणार. आम्ही दोघं भाऊ कधी बुडलो नाही.

दोघं भाऊ म्हणजे मी आणि धाकटा झिपरू. त्याला अख्खं गाव आता नाना म्हणतं. मी झिपा म्हणायचो. म्हणायचो, कारण बावीस वर्षं झाली, आम्ही बोलत नव्हतो. तीन गल्ल्या पलीकडे त्याचं घर. निघायच्या आदल्या दिवशी सोनलने बॅग भरता भरता सांगितलं होतं, "आबा, नानांचे डोळे फार गेलेत. त्यांचा मुलगा आखाजी झाली की त्यांना सुरतला नेणार आहे. कायमचं."

"जाऊ दे," मी म्हणालो. दोनच शब्द. ते दोन शब्द विमानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून आले.

*

आता तो वास.

वर्षातून एकदा, थंडी ओसरली की बाप बाभळीची साल आणायचा. माय मोठ्या हंड्यात ती उकळायची. पाणी चहासारखं, मग गुळासारखं, मग रक्तासारखं लाल व्हायचं. त्यात जाळं बुडवून ठेवायचं दोन दिवस. सूत कुजत नाही त्याने. मग ते जाळं नदीच्या काठावर झाऊच्या झुडपांवर पसरायचं, आणि सगळ्या दरडीला तो तुरट वास यायचा. आमच्या अंगाला, भाकरीला, शाळेच्या पाटीला. मास्तर म्हणायचे, भोयांची पोरं न बघता ओळखू येतात. आम्हाला तो मान वाटायचा.

आणि त्याच दिवसांत खाली वाळूत डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी. तापी तेव्हा उन्हाळ्यात अंग चोरून एका कडेने वाहायची आणि बाकीची वाळू आम्हाला द्यायची. कमरेइतके खड्डे, त्यात शेणखत, त्यात डांगराच्या बिया. पत्र्याच्या डब्याने पाणी घालायचं, एकेका वेलाला, बाळाला पाजावं तसं. वैशाखाच्या दुपारी वाळू तव्यासारखी तापली की पिकल्या डांगरांचा वास वर उठायचा. गोड, जड, थोडा दारूसारखा. वर दरडीवर चालणारा माणूस खाली वळायचाच. आखाजीला पितरांची घागर भरायची तर तिच्यावर डांगर लागतं, आणि ते डांगर अख्ख्या पंचक्रोशीला आमच्या वाडीतून जायचं. दुसऱ्यांच्या पितरांची तहान आम्ही भागवायचो, असं बाप मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

वाडीच्या कडेला मी भोपळ्याचे वेल लावायचो. खायला नव्हे. भोपळा वेलावरच वाळू द्यायचा, हलका लाकडासारखा झाला की तोडायचा. हे आमच्या जाळ्याचे तरंगे. जाळ्याच्या वरच्या दोरीला असे वीस-बावीस भोपळे. आतल्या बिया तशाच ठेवायच्या, भोक पाडायचं नाही. बाप जाळं खांद्यावर टाकून निघाला की त्या बिया वाजायच्या. खुळखुळ, खुळखुळ. घरात झोपलेल्या आम्हाला कळायचं, बा निघाला. उन्हं चढता कळायचं, बा आला. रिकामा आला तर आवाज मोकळा, मासे घेऊन आला तर दबका. माय चूल पेटवायची की नाही ते त्या आवाजावर ठरवायची.

खालच्या दोरीला मातीचे मणी, जाळं तळाशी बसावं म्हणून. काळी चिकणमाती मळून, मधे काडी घालून वळायचे आणि भट्टीत भाजायचे. ते काम झिपरूचं. त्याचा हात बारीक होता. त्याचा मणी आठ वर्षं पाण्यात राहिला तरी विरघळायचा नाही. माझ्या हाताने वळलेला मणी पहिल्याच पुरात चिखल. हे मी आज लिहितो, तेव्हा कबूल केलं नसतं.

आणि मधलं जाळं माय-बापाचं. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, पाय लांब करायचा आणि विणत जायचं. पण पहिलं घर, म्हणजे जाळ्याचं पहिलं भोक, बाप विणायचा नाही. पहिलं घर घरच्या बाईने बांधायचं, अंगठ्याला दोरा अडकवून, अशी रीत. वरची दोरीसुद्धा मायनेच वळली होती, मांडीवर, सगळा पावसाळा बसून. मी विचारलं होतं, "इतकी हळू का वळतेस?" बापच बोलला, "नदीले घाई नही ऱ्हास. तुले कसाले?"

*

सोनल मला त्या वासाच्या मागे घेऊन गेली. किल्ल्याखाली कमानी-कमानींचं लांबच लांब दगडी कोठार. दारात एक म्हातारा, माझ्याच वयाचा, डोक्यावर लोकरी टोपी, उघड्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसलेला. हातात लाकडी सुई. मी त्याच्या पायाकडे बघत राहिलो आणि तो माझ्या पायाकडे. माझ्या पायात सोनलने घेतलेले पांढरे बूट होते. मी तिथेच ते काढले.

त्याचं नाव निनो. त्याच्या मागे हंडीत साल उकळत होती, चीडासारख्या कुठल्या झाडाची. तो बोलायचा, सोनल सांगायची. मी बोलायचो, सोनल सांगायची. काही गोष्टी सांगायच्या आधीच कळायच्या.

मी त्याच्या हातातली सुई मागितली आणि चार घरं विणून दाखवली. गाठ वेगळी होती, आमची उजवीकडून वळते. तो वाकून बघत राहिला. मग काहीतरी म्हणाला.

सोनल हसली. "ते म्हणतात, गाठ उलटी आहे पण घट्ट आहे."

"त्यांना सांग, उलटी त्यांची आहे."

तिने सांगितलं. निनो इतका हसला की टोपी पडली.

कोठारात आत अंधार होता आणि थंडावा. भिंतीला खुंट्या, प्रत्येक खुंटीवर जाळ्याची एक गुंडाळी, प्रत्येक गुंडाळीला वेगळ्या रंगाचा दोरा. निनो एकेका खुंटीला हात लावून नावं घेत होता, जशी आपण वंशावळ सांगतो. सोनल म्हणाली, "आबा, हे सगळं मिळून एकच जाळं आहे. मोठ्या माशांचं. आता त्याने कुणी मासे धरत नाही, पण पूर्वी सगळं बेट मिळून हे टाकायचं. एकेका घराकडे एकेक तुकडा. हंगाम आला की सगळे तुकडे धक्क्यावर आणायचे आणि शिवून जोडायचे. हंगाम संपला की उसवायचे आणि आपापल्या घरी न्यायचे."

"दरसाल उसवायचे?"

"दरसाल. आणि दरसाल जोडायचे. जोडायचा दोरा मुद्दाम निळा, म्हणजे जोड कुठे आहे ते दिसावं."

निनोने विचारलं, तुझ्याकडे जाळं आहे का? मी म्हणालो, आहे. केवढं? मी हात पसरून दाखवलं. कुठे आहे? घरी आहे. चांगलं आहे? मी कोठाराच्या छताकडे बघितलं. सोनल माझ्याकडे बघत होती.

"आबा, सांगू का मी त्यांना?"

"तू कशाला सांगतेस? मला तोंड आहे."

आणि मग मी सांगितलं, जे मी पोटच्या पोरालाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

बाप गेला, माय त्याच्या आधीच गेली होती. त्या वर्षी आम्हा भावांचं फाटलं. का, ते मी निनोला सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही. तेव्हा ते कारण डोंगराएवढं होतं, आता त्याला शोधायला चष्मा लागेल. वाटणीला पंच बसले. घर वाटलं, नाव एकीकडे गेली, भांडी वाटली. शेवटी अंगणात जाळं राहिलं. पंचातल्या म्हाताऱ्याने मधोमध उभा काप दाखवला. दोघांना दोन बाजू, दोघांना थोडे भोपळे, थोडे मणी, म्हणजे दोघांचंही काम चाललं असतं.

मी म्हणालो, "नाही. भोपळे माझे. वरची दोरी मायने वळलेली, पहिलं घर तिच्या हातचं. वरची दोरी अख्खी माझी."

झिपरू म्हणाला, "मंग मणी बठ्ठा मना. मी भाजेल शेतस. खालनी दोरी मनी."

पंच म्हणाले, "अरे येड्यांनो, मग जाळं आडवं कापावं लागेल. दोघांच्याही कामाचं राहणार नाही."

आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "चालेल." त्या दिवशी आमचं एकमत झालेलं ते एकच.

विळ्याने जाळं आडवं कापलं. इकडून तिकडे, पूर्ण लांबी. विळा चालला तेव्हा भोपळ्यांतल्या बिया वाजत होत्या. मी माझं अर्धं घेऊन नदीवर गेलो. ते पाण्यावर चादरीसारखं पसरलं आणि मासे खालून निघून गेले. त्याने त्याचं टाकलं, ते तळाला जाऊन गोळा होऊन पडलं. गावात म्हण झाली, एकाचं तरंगतं नि एकाचं बुडतं, भोयांचं भांडण पाण्यात सुटतं. पोरं मागे लागून म्हणायची. आम्ही कोणीही माघार घेतली नाही. मी जाळं माळ्यावर टाकलं. त्याने कुठे टाकलं ते मला माहीत नव्हतं.

सोनल हे सांगत होती तेव्हा निनो हसायला लागला. खूप हसला. मांडीवर थापा मारल्या. मला राग आला नाही, कारण हसण्यासारखंच आहे ते. मग तो थांबला आणि एक प्रश्न विचारला. सोनलने तो लगेच सांगितला नाही.

"काय म्हणतो?"

"विचारतात, भाऊ जिवंत आहे ना?"

"आहे म्हणावं."

"मग विचारतात, दोघांच्या बोटांना गाठ मारता येते ना अजून?"

मी उठून बाहेर धक्क्यावर गेलो. पाणी तसंच उभं होतं.

*

दुपारी निनोच्या बायकोने आम्हाला पाव, तेल आणि तळलेले बारीक मासे दिले. मी पिशवीतून बिबडे काढले. ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे, निखाऱ्यावर भाजून खायचे. मी ते घेतल्याशिवाय गावाबाहेर जात नाही. निनोने तोडून तेलात बुडवून खाल्ला आणि डोळे मिटले. मी म्हणालो, "आहेच तसा. माझी सून करते. दरसाल हीच चव."

सोनल खाली मान घालून पावाचे तुकडे करत होती. "आबा, रागावणार नसाल तर सांगते."

"सांग."

"आई करत नाही हे. शांताआजी करतात. आजी गेल्यापासून दरसाल त्याच डबा भरून पाठवतात. आईला बजावलंय, आबांना सांगायचं नाही, सांगितलं तर खाणार नाहीत."

शांता म्हणजे झिपरूची बायको. माझी बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. म्हणजे नऊ वर्षं मी बोलत नसलेल्या घरचं खात होतो, आणि वर सुनेचं कौतुक करत होतो, आणि सून ते ऐकून घेत होती.

हातात अर्धा बिबडा होता. खाली ठेवावा असं एकदा मनात आलं. मग खाल्ला.

निघायच्या दिवशी निनो धक्क्यावर आला. त्याने ऑलिव्हच्या लाकडाची एक सुई माझ्यापुढे धरली, निळा दोरा भरलेली, गच्च. मी म्हणालो, "नको. आमच्याकडे सुया आहेत." त्याने ती माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून थाप मारली. बोट सुटली तेव्हा तो पायाचा अंगठा वर करून दाखवत होता. लोक हाताचा दाखवतात.

*

सोनलला घेऊन घरी आलो तेव्हा आखाजीला एक दिवस राहिला होता. गावात झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी, खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचा वास. डांगर बाजारातून आणावं लागलं. शेतात प्लास्टिकच्या कागदावर पिकवतात आता, दिसायला देखणं. वाळू राहिली नाही, खाली धरण, वर धरण. मी डांगर नाकाशी धरलं. वास होता. थोडा होता, पण होता.

आखाजीच्या सकाळी माळ्यावर चढलो. सून खालून ओरडत होती, "आबा, पडाल!" जाळं एका कोपऱ्यात पोत्याखाली होतं. उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या, पाच भोपळे फुटले होते. बाकीचे शाबूत. ओढलं तसे वाजले. खुळखुळ. माझा हात तिथेच थांबला. बावीस वर्षं त्या बिया आत गप्प बसून होत्या.

जाळं खांद्यावर टाकलं, डांगर काखेत घेतलं आणि भर उजेडात गल्लीतून निघालो. लपून जाणं माझ्याच्याने झालं नसतं. ओट्यावरचे म्हातारे उठून उभे राहिले.

"आबा, कोठे चालनात?"

"मासे धराले."

"इतलं पाणी कोठे शे नदीले?"

"जितलं शे तितलं पुरी."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "तरंगतं निघनं रे, बुडतं शोधाले." मी वळून बघितलं नाही. हसू आलं ते मिशीत ठेवलं.

झिपरूच्या दारात ओट्यावर बाज टाकलेली. तो तिच्यावर पाय खाली सोडून बसला होता, तोंड उन्हाकडे. शेजारी पितरांच्या घागरीची तयारी मांडलेली, विस्तवात घास टाकायच्या आगारीसाठी गोवऱ्या पेटवलेल्या. दरसाल आमच्या बापाला दोन घरी दोन घागरी भरल्या जायच्या. बिचारा कुठल्या घरी आधी जात असेल, कोण जाणे.

मी गल्लीच्या वळणावर असतानाच त्याने मान वर केली. कान टवकारले. मी पावलं टाकत होतो आणि भोपळे वाजत होते. त्याचे ओठ हलायला लागले. त्याने बाजेच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि पोरासारख्या आवाजात विचारलं,

"बा ऊना?"

मला पुढे जाता येईना. आखाजीला पितरं घरी येतात, आपणच म्हणतो. त्याला वाटलं, बा खरंच आला. दारातून शांता बाहेर आली, मला बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ती मोठ्या दिराशी समोरून बोलत नाही, लग्न झालं तेव्हापासून नाही. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "घरमा मोठं माणूस ऊनं शे. कोणी त्यास्ले पाणी द्या."

"बा नही, झिपा," मी म्हणालो. "मी शे."

त्याने बाजेच्या कडा सोडल्या. मग म्हणाला, "आवाज दबका ऊना. मासा शे का काय?"

"नही. डांगर शे काखमा."

"मंग ठीक." मग एकदम तोंड फिरवून, "कसाले ऊना? तुनं तुनाजोडे, मनं मनाजोडे. वाटणी व्हयेल शे."

"वाटणी मोडायला आलो नाही. जोडायला आलो."

"फरक काय?"

मी त्याच्याजवळ बसलो आणि निनोचं सगळं सांगितलं. कोठार, खुंट्या, निळा दोरा, दरसाल जोडणं, दरसाल उसवणं. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "त्या गोऱ्या भोयाची गाठ कशी?" मी म्हणालो, "उलटी." तो समाधानाने मान हलवत म्हणाला, "व्हईच."

"तुझं कुठे आहे जाळं?" मी विचारलं.

त्याने बसल्या जागी बाजेवर थाप मारली. मी वाकून बघितलं. खालची दोरी, एकूण एक मणी, स्वच्छ पुसलेले, बाजेखाली वेटोळं करून ठेवलेले. बावीस वर्षं तो त्याच्यावर झोपत होता.

मी सुई काढली. त्याने ती हातात घेतली, चाचपली, वास घेतला. "लाकूड चांगलं शे." मग पायाचा अंगठा पुढे केला. "आण तुनं जाळं. पहिली गाठ मी मारसू."

"मी मोठा आहे."

"तू मोठा शे म्हनीसन काय व्हयनं? खालनी दोरी मनी शे."

"तुला दिसत नाही."

"डोया गयात. बोटं नही गयात."

आवाज चढले. गल्लीतली माणसं जमली. बावीस वर्षांनी बोलायला लागलो आणि अर्ध्या घटकेत परत भांडण. तेव्हा शांता पुढे आली. भिंतीकडे बघतच तिने झिपरूच्या हातातली सुई काढून घेतली, खाली बसली, आपल्या पायाच्या अंगठ्याला निळा दोरा अडकवला आणि माझ्या वरच्या अर्ध्याचं एक घर त्याच्या खालच्या अर्ध्याच्या एका घराला बांधून टाकलं. मग भिंतीला सांगितलं, "पहिलं घर बाईनं बांधायचं ऱ्हास. सासूबाईंनी सांगेल व्हतं."

झिपरूने अंगठा मागे घेतला.

तो एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून, असं विणत आलो. दोन दिवस लागले. त्याची बोटं माझ्याहून जलद चालत होती, हे मला मान्य करावं लागलं. मोठ्याने नाही केलं. मधे आलो तर तीन घरांचा फरक. विळ्याचा काप वाकडा होता. तो म्हणाला, "तुना बाजूले चुकनं." मी म्हणालो, "तुझ्या." मग दोघांनी दीड-दीड घर उसवलं, म्हणजे त्याने दोन आणि मी एक, पण तो म्हणतो मी दोन.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. डोहात मांडीइतकं पाणी. वरती भोपळे रांगेने तरंगले, खाली मणी बसले आणि मधे जाळं भिंतीसारखं उभं राहिलं. मी ते झिपरूला सांगितलं. तो काठावर पाण्यात पाय सोडून बसला होता आणि दोरीचं टोक त्याच्या हातात होतं. म्हणाला, "सांगू नको. हाताले कळी राहिनं." गावातल्या चौघांनी ओढलं. सात-आठ चिलापी, एक वाम, एक खेकडा आणि कोणाची तरी रबरी चप्पल. सोनलने फोनवर सगळं निनोला दाखवलं. तो चप्पल बघून ओरडला म्हणे, त्यांच्याकडेही तीच सापडते.

पहिला मासा रीतीप्रमाणे हळदकुंकू लावून सोडायचा असतो. तो झिपरूच्या हातात दिला. त्याने तो पाण्यात धरला आणि बोटं उघडली. मासा गेलेला त्याला माझ्याआधी कळला.

सुरतेहून पोरगा गाडी घेऊन आला होता. तो चांगला आहे, बापाला नीट बघेल. डोळ्यांचा डॉक्टर तिकडेच आहे. मी आडवा आलो नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून निळा दोरा उसवला. घाई केली नाही. झिपरूने त्याची खालची दोरी पिशवीत भरली. पोरगा म्हणाला, "बापू, हे कशाला? तिकडे कुठे ठेवणार?"

"बाजखाले," झिपरू म्हणाला.

गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, भोपळा संभाळजो. उंदरं खातीन. पाच फुटेल शेतस, नवा लाव."

मी अंगणात भोपळ्याच्या बिया लावल्या आहेत. या पावसात वेल छपरावर चढेल, थंडीपर्यंत भोपळे वाळतील. माझी वरची दोरी आता माळ्यावर नाही, खुंटीवर आहे. शेजारच्या खिळ्याला निनोची सुई. उसवलेला दोरा मी फेकला नाही. तो सगळा सुईवर पुन्हा गुंडाळून ठेवला आहे, गच्च, पुढच्या आखाजीसाठी.